निश्चित चांगला

आमच्या धर्मग्रामात ईस्टरनंतरच्या एका रविवारी सेवानिवृत्तांचा सत्कार करण्याची प्रथा आहे. मिस्सा आटोपल्यावर मंडळी सभागृहात जमतात, आणि त्या वर्षी निवृत्त झालेल्या शिक्षिका, परिचारिका, रेल्वेचे कर्मचारी, बँकेतील अधिकारी यांना शाल व पुष्पगुच्छ देऊन त्यांच्याविषयी चार शब्द बोलले जातात. काही वर्षांपूर्वी सत्काराची यादी करण्याचे काम ज्या समितीकडे होते, त्या समितीत आम्हीही होतो. यादीतून एक नाव राहून गेले. राहून गेले म्हणण्यापेक्षा राहू दिले गेले, असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. ते गृहस्थ तेहतीस वर्षे तुरुंगखात्यात नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचे नाव निघाले तेव्हा समितीतील एका सज्जनांनी विचारले, "त्यांच्याविषयी व्यासपीठावरून सांगणार काय?" प्रश्न कुत्सित नव्हता, त्यांना तो खरोखरच पडला होता. कोणालाच उत्तर सुचले नाही. आम्हांलाही सुचले नाही. विषय पुढे सरकला.

तो प्रश्न मात्र आमच्या मनातून सरकला नाही. शिक्षिकेचे विद्यार्थी दाखविता येतात. परिचारिकेने बरे केलेले रुग्ण हिंडताफिरताना दिसतात. तुरुंगातील पहारेकऱ्याने तेहतीस वर्षांत काय केले? संध्याकाळी बंद्यांची गिनती केली, ती बरोबर भरली. बरॅकींना कुलपे घातली, ती सकाळपर्यंत तशीच राहिली. कोणी पळाला नाही, कोणी कोणाचे डोके फोडले नाही, कोणी पंख्याला किंवा गजाला गळफास लावून घेतला नाही. त्याच्या सेवेचे सारे यश 'नाही' या शब्दात सामावलेले असते. जे घडले नाही त्याचे श्रेय कोणाला द्यायचे, आणि ते कोणी दिले नाही तर त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणता येईल का?

हा प्रश्न अगदी नवा नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तो दोनदा डोकावतो. पेत्र रात्री तुरुंगातून सुटून गेला तेव्हा हेरोदाने पहारेकऱ्यांची चौकशी केली आणि त्यांना देहदंड दिला. त्या पहारेकऱ्यांविषयी आपण कधी प्रवचन ऐकले आहे का? आम्ही तरी ऐकलेले नाही. पुढे फिलिप्पै नगरात भूकंपाने तुरुंगाची दारे उघडतात. झोपेतून जागा झालेला तुरुंगाधिकारी उघडी दारे पाहतो आणि तलवार उपसून स्वतःचाच प्राण घेऊ लागतो. पौलाने ओरडून त्याला थांबविले, सारे बंदी जागेवरच आहेत असे सांगितले, म्हणून तो वाचला. त्याच्या नोकरीचे मोजमाप एकाच मापाने होत होते: बंदी आत आहेत की नाहीत. ते माप चुकले की आयुष्याची किंमत शून्य. त्याच रात्री त्याने त्या दोघा बंद्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना घरी नेऊन जेवू घातले. वरिष्ठांच्या दप्तरात या गोष्टीची नोंद झाली असेल तर ती कोणत्या रकान्यात झाली असेल, असा एक विचार आमच्या मनात नेहमी येतो. बहुधा हलगर्जीपणाच्या!

आता आमच्या हवालदारांकडे वळू. सत्काराची ती गोष्ट आम्हांला टोचत होती, म्हणून एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो. वाडीतील मुले त्यांना 'पोलीसकाका' म्हणतात. सुरुवातीची काही वर्षे ते दुरुस्ती करीत, "पोलीस नाही रे, तुरुंगात आहे." पण तेवढ्याने त्यांच्या लग्नाच्या बोलणीत एकदा असा गोंधळ उडाला होता की, पुढे त्यांनी दुरुस्ती करणेच सोडून दिले. 'मुलगा तुरुंगात असतो' हे वाक्य ऐकून मुलीचे वडील चहाचा कप खाली ठेवून उठले होते म्हणे.

त्यांनी आपल्या नोकरीचे कागद एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले आहेत. त्यातील एक कागद त्यांनी आम्हांला वाचायला दिला. ती कारणे दाखवा नोटीस होती. त्यामागची हकिकत अशी. कोणत्या कारागृहातील, ते सांगण्याचे कारण नाही. एका न्यायाधीन बंद्याचा जामीन अर्ज तिसऱ्यांदा फेटाळला गेला होता. पोरगा विशीतला. दोन दिवस जेवला नव्हता, कोणाशी बोलत नव्हता. रात्रपाळीच्या पहाऱ्यात हवालदार त्याच्या बरॅकीवरून गेले तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याची नजर त्यांना आवडली नाही. "डोळे आमच्याकडे होते, पण बघत नव्हते," ते म्हणाले. ते गजाबाहेर खाली बसले. त्याला गावाचे नाव विचारले, शेतात काय लावतात ते विचारले, आई कशी आहे ते विचारले. पहाटेपर्यंत ते तिथेच बसून राहिले. मधल्या दोन फेऱ्या झाल्या नाहीत. पलीकडच्या भिंतीजवळील पहाऱ्याच्या वहीत त्यांच्या सह्या पडल्या नाहीत. सकाळी पोराने चहा घेतला. तो जगला. म्हणजेच काही घडले नाही.

नोटिशीला उत्तर काय लिहिणार? 'बंदी आत्महत्या करील असे वाटले' असे लिहावे तर, मग तसे वरिष्ठांना तत्काळ का कळविले नाही, असा पुढचा प्रश्न. 'पोराशी बोलत होतो' असे लिहावे तर, बंद्याशी सलगी, हा त्याहून गंभीर ठपका. त्यांनी 'चूक झाली, पुन्हा होणार नाही' असे लिहून दिले. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात त्यांची प्रतवारी एका पायरीने उतरली.

ही प्रतवारी कशी असते हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. आपल्या राज्याच्या सेवेत वर्षाच्या शेवटी कर्मचाऱ्याचे मूल्यमापन होते आणि त्याला एक शेरा मिळतो: अत्युत्कृष्ट, उत्कृष्ट, निश्चित चांगला, चांगला, साधारण, आणि त्याखाली. या क्रमातील 'निश्चित चांगला' आणि 'चांगला' यांमधील अंतरावर आम्ही त्या रात्री घरी येताना बराच विचार केला. माणूस चांगला आहे, पण निश्चित नाही! आमच्या हवालदारांचा शेरा 'निश्चित चांगला' होता, तो 'चांगला' झाला. सुभेदारपदाची त्यांची संधी त्याने हुकली, पुढे ती आलीच नाही.

या 'चांगला'ची गंमत, खरे तर शोकांतिका, आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोरही एकदा आली आहे. सीमावर्ती रस्ते बांधणाऱ्या संघटनेतील एका अभियंत्याच्या अहवालात एका वर्षी 'चांगला' असा शेरा होता. बढतीसाठी 'अतिशय चांगला' हवा होता. शेरा वाईट नव्हता, म्हणून तो त्याला कळविण्याचीही कोणास गरज वाटली नाही. आणि त्या न कळविलेल्या चांगुलपणापायी त्याची बढती अडली. २००८ साली न्यायालयाने निकाल दिला की, शेरा वाईट असो वा चांगला, तो कर्मचाऱ्याला कळविलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. आमच्या हवालदारांची रात्र त्याच्या कितीतरी आधीची. आपण एका पायरीने उतरलो आहोत हे त्यांना बढतीची यादी लागली तेव्हा कळले.

येथवर वाचून वाचक नोटीस काढणाऱ्या वरिष्ठाला दोष देत असतील, तर आम्ही त्यांना थोडे थांबण्याची विनंती करू. आम्ही त्या जागी असतो तर काय केले असते? पलीकडची भिंत दोन फेऱ्या उघडी होती. त्या वेळात तेथून कोणी गेला असता, किंवा त्या बाजूच्या बरॅकीत दुसऱ्याच कोणी गळ्याला दोरी लावली असती, तर? एका जिवाजवळ बसताना हवालदारांनी इतर शेकडो जिवांकडे पाठ केली होती. पहाऱ्याचा नियम क्रूर माणसाने केलेला नाही. तो त्या शेकडोंसाठी आहे. आमच्या सदसद्विवेकबुद्धीला विचारले तर आम्हीही नोटीस काढली असती, असेच उत्तर येते. हवालदारांनाही आम्ही हे बोलून दाखविले. ते म्हणाले, "साहेब वाईट नव्हते हो. दुसरा माणूस असता तर प्रश्नच नव्हता."

दुसरा माणूस असता तर! या चार शब्दांत आम्हांला साऱ्या प्रश्नाची किल्ली सापडली असे वाटते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा बंद्यांमागे एक पहारेकरी असावा अशी अपेक्षा आहे. वस्तुस्थिती काय? २०२२ च्या अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे देशातील तुरुंगांत पाच लाख त्र्याहत्तर हजारांवर बंदी होते, जागा होती सुमारे चार लाख छत्तीस हजारांची, आणि त्यांपैकी दर चारांत तिघे अजून दोषी ठरलेलेच नव्हते. त्याच वेळी तुरुंगसेवेतील मंजूर पदांपैकी सुमारे ३० टक्के पदे रिकामी होती. म्हणजे जेथे तिघांनी उभे राहायचे तेथे दोघे उभे आहेत. रिकामी जागा ही कागदावर केवळ एक संख्या दिसते. पण जेथे तिसरा माणूस नाही तेथे उरलेल्या दोघांपुढे रोज रात्री अशी निवड येते, की भिंतीकडे जावे की पोराजवळ बसावे. ज्या व्यवस्थेत चांगुलपणा आणि कर्तव्य एकमेकांच्या आड येतात, त्या व्यवस्थेत चांगल्या माणसाला दोनच वाटा उरतात: चांगुलपणा सोडावा, किंवा हयगयीचा ठपका घ्यावा. ही कोंडी त्याने निर्माण केलेली नसते. ज्यांनी ती जागा भरली नाही त्यांनी ती निर्माण केलेली असते. भरतीचा प्रश्न कारकुनी आहे असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो. तो नीतीचा प्रश्न आहे.

सहा बंद्यांमागे एक, हे प्रमाण वाचून आमच्या पिढीतील वाचकांना व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' आठवला असेल. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे औंध संस्थानाने बंद्यांची खुली वसाहत वसविण्याचा जो प्रयोग केला, त्यावरून त्या चित्रपटाची कल्पना सुचली. कथा त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांची. खुनाच्या गुन्ह्यातील सहा बंद्यांना घेऊन एक तरुण जेलर पडीक रानात शेती करायला जातो. त्याला ते सहा मिळाले आणि त्यांच्यावाचून दुसरे काम नव्हते, हे आपण चित्रपट पाहताना विसरतो. आमच्या हवालदारांवर रात्री शेकडो बंद्यांची जबाबदारी असे. आदिनाथ जेलरलाही त्या बरॅकीत उभे केले असते तर त्याच्याने काय झाले असते, कोण जाणे!

मग मान्यतेचे काय? पदके आहेत. तुरुंगसेवेसाठी राष्ट्रपतींची सुधारसेवा पदके होती. २०२४ पासून ती पोलीस, अग्निशमन आणि गृहरक्षक दलांच्या पदकांबरोबर एकाच नावाखाली दिली जातात. प्रजासत्ताकदिनी आणि स्वातंत्र्यदिनी त्यांची यादी वर्तमानपत्रात येते. ज्यांना ती मिळतात त्यांनी ती कमावलेली असतात, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. किरण बेदी यांना तिहारमधील कामाच्या काळात, १९९४ साली, मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही योग्यच होता. तथापि त्या तुरुंगात रोज सकाळी कुलपे उघडणाऱ्या शिपायांपैकी एकाचेही नाव आम्हांला ठाऊक नाही, तुम्हांलाही नसेल.

बढतीची गोष्ट पदकाहून वेगळी आहे. पदकावाचून माणूस जगतो. बढतीत त्याचे निवृत्तिवेतन, त्याचे घर, मुलांचे शिक्षण गुंतलेले असते. शिपाई, हवालदार, सुभेदार अशी खालची शिडी आहे. तुरुंगाधिकाऱ्यांची शिडी बव्हंशी वेगळ्या दाराने सुरू होते. आणि सर्वांत वरची खुर्ची आपल्या राज्यात भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्याची असते. न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ साली शिफारस केली होती की, तुरुंगांसाठी स्वतंत्र अखिल भारतीय सेवा असावी. ती अजून अस्तित्वात आलेली नाही. शासनाने यावर एक तोड काढली आहे. दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर, वरचे पद मिळो वा न मिळो, वेतनश्रेणी वर सरकते. ही सोय दयाळू आहे, हे खरे. पण खांद्यावर नवी फीत चढत नाही. बायकोला आणि शेजाऱ्यांना जे दिसायचे, ते दिसत नाही.

येथे एक आक्षेप आमच्या वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे, कारण आपण साऱ्यांनी तो लहानपणापासून ऐकलेला आहे. सत्कर्म गुपचूप करावे. त्याची वाच्यता केली की त्याचे पुण्य उरत नाही. हवालदारांनी पोराजवळ बसून जे केले, त्याचे फळ त्यांना त्यातच मिळाले. मग शेरा 'निश्चित चांगला' असो की नुसता 'चांगला', काय बिघडते? या आक्षेपात तथ्य आहे. दयेला गुण द्यायला लागलो तर दयेचे नाटक सुरू होईल, बंद्यांच्या अंगठ्यांनिशी प्रशस्तिपत्रे गोळा होऊ लागतील, आणि जो खरोखर दयाळू आहे तो तेथेही मागेच राहील. हे आम्हांला पटते.

परंतु हे वचन कोणाच्या तोंडी शोभते याचाही विचार व्हावयास हवा. सत्कर्म हेच त्याचे फळ आहे, असे सत्कर्म करणारा म्हणाला तर ती त्याची थोरवी. ज्याच्याकडून त्याचे देणे आहे त्याने ते म्हटले तर ती पळवाट होते. मालकाने मजुराला सांगावे की श्रमातच आनंद आहे, तसे ते आहे! हवालदारांनी कधी पदक मागितले नाही. आमच्या प्रश्नांनाही ते संकोचत होते. म्हणून आपल्यावरची जबाबदारी कमी होत नाही. दयेसाठी बक्षीस ठेवू नये, हे मान्य. पण दयेबद्दल दंड तरी होऊ नये, एवढे मागणे फाजील आहे काय? आणि ते व्हायचे तर पलीकडच्या भिंतीजवळ दुसरा माणूस उभा असावा लागतो.

तो दुसरा माणूस निवडायचा कसा? २०२४ च्या पोलीस भरतीत कारागृह शिपायाच्या सुमारे १,८०० जागांसाठी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज आले. पदवीधर, अभियंतेही रांगेत होते. इतक्या जणांमधून निवड करायची तर मोजता येईल असेच काही मोजावे लागते. मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलग्यांना १,६०० मीटर धावणे, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. लेखी परीक्षा १०० गुणांची: अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण. यात गैर काही नाही. धाप लागणारा पहारेकरी कोणाला हवा आहे? मात्र रात्री अडीच वाजता गजाबाहेर खाली बसून परक्या पोराच्या शेतातले पीक विचारता येते की नाही, हे या चाचण्यांतून कळत नाही. खात्याच्या नावात 'सुधारसेवा' हा शब्द आला आहे, केंद्राने २०२३ साली राज्यांकडे पाठविलेल्या आदर्श कायद्याच्या नावातही आहे. भरतीच्या मैदानावर तो अजून पोहोचायचा आहे.

कोणी म्हणेल, स्वभाव जन्मजात असतो, परीक्षेने काय होणार? आम्हांला तसे वाटत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७१ साली काही विद्यार्थ्यांना पहारेकरी आणि काहींना बंदी करून एक प्रयोग केला गेला. पहारेकरी झालेली मुले इतकी निष्ठुर वागू लागली की तो सहा दिवसांत थांबवावा लागला. वर्दी चढली की माणूस बिघडतो, असा त्याचा अर्थ पुष्कळ वर्षे सांगितला गेला. पुढे जुन्या ध्वनिफिती तपासल्यावर उघडकीस आले की, त्या पहारेकऱ्यांना कठोर वागण्यास वरून उत्तेजन दिले जात होते. आमच्या मते या दुसऱ्या गोष्टीत जास्त अर्थ आहे. वरिष्ठाला काय आवडते हे हाताखालचा माणूस फार लवकर ओळखतो, आणि तसा होऊ लागतो. अहवालाचे रकाने म्हणजे वरिष्ठाची आवडच.

आणि आपण? आमच्या वसईच्या पट्ट्यातील घराघरांतून मुले बँकेत गेली, आखातात गेली, मुली परिचारिका झाल्या, कित्येक घरांनी धर्मगुरू आणि धर्मभगिनी दिल्या. बंदिवासातील लोकांसाठी आपण चर्चमध्ये प्रार्थना करतो. त्यांच्यावर पहारा ठेवणाऱ्याची आपल्याला आठवण होत नाही. आपला मुलगा त्या नोकरीला जावा असे मनापासून वाटणारे आईबाप आम्हांला भेटलेले नाहीत. सरकारी नोकरी, कायमची, एवढ्यासाठी पाठवतील. त्या कामासाठी नव्हे. समितीत बसून आम्ही जे केले ते याहून वेगळे नव्हते.

पुढच्या वर्षी आम्ही हवालदारांना सत्काराविषयी विचारले. त्यांनी हात जोडले. "आता राहू द्या. शाल कशाला या उकाड्यात?" आम्ही आग्रह केला नाही. केला असता तर तो त्यांच्यापेक्षा आमच्याचसाठी झाला असता, हे आम्हांला कळत होते.

यंदा वाडीतील एक मुलगा भरतीची तयारी करतो आहे. सकाळी साडेपाचला तो चर्चमागच्या मैदानावर फेऱ्या मारतो. कारागृह शिपायाचाही अर्ज भरणार आहे असे कळल्यावर तो हवालदारांकडे सल्ला विचारायला गेला. आम्ही योगायोगाने तेथेच होतो. हवालदारांनी त्याला विचारले, "रात्री जागता येतं?"

"येतं की काका."

"आणि गप्प बसून ऐकता येतं?"

मुलगा हसला. "काका, ते पेपरात नाहीये. सोळाशे मीटरमध्ये माझे वीस सेकंद जास्त जातायत, त्याचं सांगा."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मिस्सेला निघालो तेव्हा मैदानाच्या कडेला हवालदार मनगटावरचे घड्याळ डोळ्यांजवळ धरून उभे होते, आणि मुलगा तिसरी फेरी मारीत होता.